घास घशाखाली उतरताना

आज जेवणाबद्दल बोलायचं आहे, पण पाककृती सांगायची नाही. तुमच्या घरात कुणी अर्धांगवायूच्या झटक्यातून उठलेलं असेल, कुणाला पार्किन्सन्स किंवा विस्मरणाचा आजार असेल, घशाला किंवा मानेला रेडिएशन दिलेलं असेल, तर हा भाग शेवटपर्यंत वाचा. त्यांना रोज प्रत्यक्ष जो भरवतो त्यालाही वाचून दाखवा. खोर फक्कानसारख्या ठिकाणी तो भरवणारा हात बऱ्याचदा मुलाचा किंवा सुनेचा नसतो. दोघंही कामावर असतात आणि घरी असते मदतनीस. तिला मराठी येत नाही, आणि आजीला मराठीशिवाय दुसरं काही बोलायची सवय नसते.

सुरुवात आपल्या घरातल्या एका जुन्या सवयीपासून करू. जेवताना कुणाला ठसका लागला की आपण काय करतो? टाळूवर थापटतो, "वर बघ, वर बघ" म्हणतो आणि लगेच पाण्याचा पेला तोंडाला लावतो. धडधाकट माणूस यातूनही निभावून जातो. पण ज्याचं गिळणंच बिघडलंय त्याच्यासाठी या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. मान मागे गेली की श्वासनलिका झाकणं शरीराला अवघड जातं. वरून ओतलेलं पाणी तर सगळ्यात वेगाने घशात पोचतं. भांड्याला ओठ न लावता वरून पाणी प्यायची जी आपली पद्धत आहे, ती या माणसांसाठी आजपासून बंद.

घशात दोन वाटा शेजारी-शेजारी आहेत. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. आपण गिळतो तेव्हा क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्यावरचं झाकण मिटतं आणि घास मागच्या वाटेने उतरतो. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळून बघा, कंठमणी वर उचलला गेलेला जाणवेल. हे सगळं साधारण एका सेकंदात होतं आणि त्यासाठी कित्येक स्नायूंना एकाच तालावर चालावं लागतं. मेंदूला मार बसला किंवा स्नायू थकले की हा ताल चुकतो, आणि अन्नाचा किंवा पाण्याचा थोडा भाग फुप्फुसाकडे जातो. सोबत तोंडातले जंतूही जातात, त्यातून न्युमोनिया होतो. पक्षाघाताच्या झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास असतो. बऱ्याच जणांचा पुढे सुधारतो, सगळ्यांचा नाही.

नवल वाटेल, पण जाड अन्नापेक्षा पाणी जास्त त्रास देतं. भाताचा गोळा हळू सरकतो, त्यामुळे उशिरा जाग्या होणाऱ्या घशाला सावरायला वेळ मिळतो. पाणी थांबत नाही.

लक्षणं सांगतो. जेवताना किंवा जेवल्यावर खोकला. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा होणं. गालात अन्न साठून राहणं. वीस मिनिटांचं जेवण पाऊण तासावर जाणं. कारण नसताना वजन उतरणं. वारंवार छातीत कफ. आणि एक फसवी गोष्ट: काही माणसांना अन्न चुकीच्या वाटेला गेलं तरी खोकलाच येत नाही, कारण तिथली जाणीवच बोथट झालेली असते. म्हणून "बाबांना ठसका लागत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे" असं धरून चालू नका. म्हाताऱ्या माणसाला न्युमोनियात ताप येईलच असंही नाही. एकदम सुस्ती, गोंधळल्यासारखं बोलणं, जलद श्वास, यावरूनही शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

हे तपासतं कोण? स्पीच थेरपिस्ट. "बाबांचं बोलणं तर व्यवस्थित आहे, मग स्पीच थेरपिस्ट कशाला?" असं वाटणं साहजिक आहे. पण बोलणं आणि गिळणं एकाच यंत्रणेवर चालतं, म्हणून गिळण्याचं कामही त्यांच्याच शिक्षणाचा भाग असतं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेली अली यावर जंग संस्था हे तज्ज्ञ घडवते. तपासणीत कधी बेरियम मिसळलेला घास खायला देऊन एक्स-रेचा चलत्पट घेतात, कधी नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा बघतात. इथे आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना गाठा आणि "गिळण्याच्या तपासणीसाठी" अशा स्पष्ट शब्दांत चिठ्ठी मागा. ती सोय असलेल्या ठिकाणासाठी शारजा शहरापर्यंत जावं लागलं तर २०१९ साली खुल्या झालेल्या डोंगरातल्या रस्त्याने तो प्रवास आता पूर्वीइतका लांब राहिलेला नाही. मात्र त्या दिवशी गाडीत त्यांना बिस्किटं-चहा देऊ नका. हलत्या गाडीत, मागे रेललेल्या सीटवर खाणं ही त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट जागा.

आता एक गोष्ट जी परदेशात राहणाऱ्या कुटुंबांना खास उपयोगाची आहे. आई-वडील गावाहून येतात तेव्हा कागदावर अनेकदा "सॉफ्ट डाएट" किंवा "सेमी-सॉलिड" एवढंच लिहिलेलं असतं. सेमी-सॉलिड म्हणजे काय? पुण्यातल्या नर्सच्या मनातलं वेगळं, तुमच्या मदतनीसेच्या मनातलं वेगळं. हा घोळ जगभर होता. म्हणून वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ २०१३ मध्ये एकत्र आले आणि त्यांनी आयडीडीएसआय नावाची एक मोजपट्टी तयार केली. शून्य ते सात अशा आठ पायऱ्या. शून्य म्हणजे साधं पाणी, सात म्हणजे नेहमीचं जेवण. १ आणि २ हे थोडे दाट द्रव, ३ म्हणजे वाटीतून पिता येईल असं दाट, ४ म्हणजे चमच्यावर आकार धरून राहणारं गुळगुळीत वाटण, ५ म्हणजे बारीक केलेलं ओलसर अन्न, ६ म्हणजे मऊ, छोट्या तुकड्यांचं. निघण्याआधी तिकडच्या थेरपिस्टकडून द्रवाचा आणि अन्नाचा आकडा वेगवेगळा लिहून घ्या. तो आकडा इथल्या डॉक्टरला, केरळच्या नर्सला, फिलिपिन्सच्या मदतनीसेला, सगळ्यांना एकसारखाच कळेल.

आकडा घरी मोजताही येतो, महागडं काही लागत नाही. दहा मिलीची साधी सिरिंज घ्या, फक्त शून्य ते दहा या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलीमीटर असलेली, कारण सगळ्या कंपन्यांच्या सिरिंजा सारख्या लांबीच्या नसतात. दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करा, दहाच्या खुणेपर्यंत द्रव भरा, बोट काढा आणि दहा सेकंदांनी पुन्हा बंद करा. आत किती उरलं ते बघा. एक मिलीपेक्षा कमी उरलं तर पायरी शून्य. एक ते चार उरलं तर पायरी १, चार ते आठ उरलं तर २, आठच्या वर उरलं तर ३. काहीच खाली आलं नाही तर ते ४ किंवा त्याहून जाड. इथल्या दुकानातलं लबान आणि घरचं ताक यात किती फरक पडतो ते अशाने एकदा तपासून बघाच. डोळ्यांना दोन्ही सारखीच दाट वाटतात.

अन्नासाठी काटा-चमचा पुरतो. पाचव्या पायरीत मोठ्या माणसासाठी कण ४ मिलीमीटरपेक्षा मोठा नको, म्हणजे नेहमीच्या काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढा. सहाव्या पायरीत तुकडा दीड सेंटिमीटरपर्यंत चालतो, पण काटा आडवा ठेवून अंगठ्याने दाबला, नख पांढरं पडेपर्यंत, तर तुकडा चेपला गेला पाहिजे आणि काटा उचलल्यावर पुन्हा फुगायला नको.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. मराठी जेवण या बाबतीत सोपंही आहे आणि कठीणही. पोहे कोरडे, सुटे, तोंडभर विखुरतात, म्हणून नकोत. साबुदाण्याची खिचडी चिकट आणि वर दाण्याचं कूट, ती तर अजिबात नको, एकादशी असली तरी. भाकरी, थालीपीठ, चिवडा, लाडू, तिळगूळ, मटकीची साल, शेवग्याच्या शेंगेचे दोरे, भेंडीचा बुळबुळीतपणा, सगळे धोक्याचे. इथल्या पाहुणचारातला खजूरही त्याच रांगेतला. चिकट असतो आणि टाळूला बसतो. वरणभात निरुपद्रवी वाटतो, पण पातळ वरण आणि भाताची शितं वेगवेगळी राहिली की तो द्रव आणि घन एकत्र असलेला घास होतो. शितं चावत असताना वरण आधीच घशात पोचतं. तेच दुधात बुडवलेल्या पोळीचं, तेच चहात बुडवलेल्या बिस्किटाचं. वरणभात द्यायचा तर मऊ शिजवून, तूप घालून, एकजीव घोटून.

फोडणीचं काय? फोडणीशिवाय आमटी म्हणजे आजारपणाची आठवण. पण मोहरी, जिरं, कढीपत्ता, मिरचीचं बी घशात चिकटतं. यावर सोपा उपाय आहे: फोडणी नेहमीसारखी करा आणि ती गाळणीतून आमटीत ओता. वास आणि चव उतरते, मोहरी गाळणीत राहते. ओल्या खोबऱ्याच्या चवाऐवजी नारळाचं दूध घाला. पिठलं गुठळ्या न होऊ देता केलं तर चौथ्या पायरीला छान बसतं, फक्त गार होताना ते घट्ट होतं, म्हणून वाढताना पुन्हा बघा. घरात पुरणयंत्र असेल तर ते मिक्सरपेक्षा भारी काम करतं. भाज्या, डाळ, रताळं त्यातून काढलं की साल आणि दोरे वरच राहतात. पुरणपोळीच्या दिवशी पोळी नको, पण गरम दुधात सैल केलेलं पुरण देता येईल. आमरस गाळून, श्रीखंड चारोळीशिवाय. मोदकाऐवजी गूळ आणि नारळाच्या दुधाची, तांदळाच्या पिठाची गुळगुळीत खीर. सुरमई इथल्या मासळी बाजारात मिळते. तिचा मोठा काटा काढणं सोपं, म्हणून बांगड्यापेक्षा ती बरी. तरीही शिजल्यावर बोटांनी पुन्हा एकदा चाचपायची. शेजारच्या अरब घरातून रमजानात हरीस आला तर तो बाजूला ठेवू नका: गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून घोटलेला हा पदार्थ थोडा रस्सा घालून सैल केला, हाडाचा कण तपासला, की मांसाहारी माणसाला चालण्यासारखा आहे.

एक विनंती. वाटणं वेगवेगळी वाढा. डाळ, भाजी, भात एकत्र फिरवून करड्या रंगाचा लगदा करून देऊ नका. समोर काय आहे ते सांगा: "ही दुधीची भाजी, हे पिठलं." आपण काय खातोय हे कळलं तर माणूस जेवतो.

पाणी आणि चहा दाट करायला थिकनरची भुकटी मिळते. दोन प्रकार असतात. स्टार्चची भुकटी ठेवल्यावर हळूहळू आणखी घट्ट होत जाते, आणि लाळ मिसळली की पातळ होते. म्हणजे उष्ट्या चमच्याने ढवळत बसलं तर अर्ध्या तासाने पेल्यात वेगळंच काही असतं. झँथन गमची भुकटी लाळेने विरघळत नाही. डब्यावरचं माप आणि थांबायची वेळ पाळा. दुधात घट्ट व्हायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आईस्क्रीम आणि जेली तोंडात वितळून पाणीच होतात, हे विसरू नका. दोन इशारे मात्र ठळक. एक, डबा हाताशी उघडा ठेवू नका. कोरडी भुकटी तोंडात गेली तर घशात फुगून श्वास कोंडतो. अशा घटनेनंतर इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१५ मध्ये सगळ्या रुग्णालयांना आणि वृद्धाश्रमांना सावध केलं होतं. दोन, बद्धकोष्ठतेची मॅक्रोगॉल नावाची पावडर स्टार्चच्या थिकनरबरोबर मिसळली तर दाट झालेलं पाणी पुन्हा पातळ होतं. औषधाच्या दुकानदाराला दोन्ही डबे दाखवून विचारा. आणि त्याच खेपेला गोळ्यांचंही विचारा: दीर्घकाळ हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून दिल्या तर सगळा डोस एकदम अंगात जातो. न विचारता गोळी कुटायची नाही.

आता उन्हाळा. खोर फक्कानमध्ये जूनपासून चाळिशीच्या आसपासचं तापमान आणि वर समुद्राचा दमटपणा. वाटलेलं अन्न इतर अन्नापेक्षा लवकर बिघडतं, कारण त्याला भांडं, मिक्सर, गाळणी, चमचा अशा चार-पाच जागी हात लागतो. आणि ज्याला गिळता येत नाही त्याला उलटी झाली तर ती उलटीही फुप्फुसात जाऊ शकते. जुलाब झाले तर पाणी भरून काढायला तो घटाघटा पिऊ शकत नाही. म्हणून आपल्याला "थोडं पोट बिघडलं" एवढ्यावर भागतं, त्यांना रुग्णालयात न्यावं लागू शकतं.

५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वाढतात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. एसी बंद करून सगळे बाहेर गेले की स्वयंपाकघर किती तापतं ते तुम्हाला माहीतच आहे. भाताबाबत विशेष काळजी: तांदळातले बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते उगवतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. सकाळचा कुकर दुपारपर्यंत ओट्यावर ठेवून त्यातला भात मऊ करून द्यायचा, हे बंद करा. आठवड्याचं वाटण एकदम करायचं असेल तर उथळ ताटात पसरून लवकर गार करा, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लागतील तेवढेच चौकोन काढा. वाफ येईपर्यंत, मधून ढवळून, आतपर्यंत गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये कडेला उकळतं आणि मध्ये गार राहतं. मग खाण्याजोगं कोमट होऊ द्या. पुन्हा गरम एकदाच. उरलेलं टाका, अन्न टाकायचं पाप लागत असलं तरी. मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग काढून धुता का? आज काढून बघा.

भरवणं. पलंगावर आडवं ठेवून नाही. खुर्चीत, पाठ सरळ, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी किंचित खाली. हनुवटी छातीला लावून गिळायची युक्ती सगळ्यांना चालत नाही, थेरपिस्टने सांगितली तरच. भरवणाऱ्याने उभं राहायचं नाही, समोर बसायचं, म्हणजे त्यांना मान वर करावी लागत नाही. छोटा चमचा, अर्धा भरलेला. कंठमणी वर-खाली झालेला बघायचा, मगच पुढचा घास. टीव्ही बंद. प्रश्न विचारू नका. आई उत्तर द्यायला गेली की श्वासाची वाट उघडते. गुंगीत असतील तर जेवण पुढे ढकला. झाल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. चष्मा, कवळी, कानातलं यंत्र आधी लावा.

आणि तोंड धुवा. हे सगळ्यात स्वस्त औषध आहे. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं तोंड जेवणानंतर नियमित घासून दिलं त्यांच्यापैकी ११ टक्के लोकांना न्युमोनिया झाला, बाकीच्यांत १९ टक्के. दात नसले तरी जीभ आणि हिरड्या मऊ ब्रशने स्वच्छ करायच्या. नळीने अन्न घेणाऱ्यांचंसुद्धा.

आता जरा अवघड बोलू. दाट पाणी कुणालाच आवडत नाही. आजोबा म्हणतात, "मला माझा साधा चहा द्या." पथ्य मोडलं म्हणून घरात भांडणं होतात. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की दाट द्रव हा रामबाण नाही. २००८ मध्ये अमेरिकेत पार्किन्सन्स आणि डिमेन्शियाच्या ५१५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दाट द्रव देणं आणि हनुवटी खाली घेऊन साधं पाणी देणं, यात तीन महिन्यांत न्युमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. दाट द्रव घेणाऱ्यांत शरीरातलं पाणी कमी होण्याचं प्रमाण मात्र थोडं जास्त होतं. याचा अर्थ आपल्या मनाने थिकनर बंद करा असा नाही. काहींना तो नक्की लागतो. पण ते दिवसभरात किती पितात हे मोजा, लघवी गडद होतेय का बघा, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी मागा. ज्यांची समज शाबूत आहे त्यांना धोका समजावून सांगा आणि त्यांचं मत घ्या. आजार शेवटच्या टप्प्यावर असेल तर दोन चमचे खरा चहा द्यायचा का, हा प्रश्न डॉक्टर आणि घरातले सगळे मिळून बसून ठरवण्याचा आहे. तो एकट्या सुनेच्या किंवा मदतनीसेच्या अंगावर टाकू नका. रोजा किंवा उपास धरणाऱ्या आजारी माणसाला धर्मानेच सूट दिलेली आहे, हेही त्यांना कुणीतरी मायेने सांगायला लागतं.

घास अडकलाच तर? माणूस जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठीत मारू नका, पाणी देऊ नका. आवाज निघेना, श्वास येईना, ओठ निळे पडू लागले तर पुढे वाकवा, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार फटके द्या. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच धक्के. आलटून-पालटून. त्याच वेळी दुसऱ्याने ९९८ ला फोन करायचा. शुद्ध हरपली तर जमिनीवर झोपवून छाती दाबायला सुरुवात करा. तोंडात अंदाजाने बोट घालू नका. मदतनीसेला हे एकदा करून दाखवा आणि ९९८ हा आकडा तिच्या फोनमध्ये तुमच्यासमोर साठवा.

फ्रिजवर एक कागद लावा, तिला वाचता येईल त्या भाषेत. द्रवाचा आकडा, अन्नाचा आकडा, कसं बसवायचं, थिकनरचे किती चमचे, काय बिलकुल द्यायचं नाही, कुणाला फोन करायचा. पाहुणे आले की तोच कागद त्यांनाही दाखवा. प्रेमाने लाडू भरवणारी मावशी प्रत्येक घरात असते. कागदावर तारीख घाला, आणि पुढच्या तपासणीत आकडा बदलला की जुना कागद फाडून टाका.